स्टीम जनरेटरमधला गाळ: पंपाचा दाब हा सगळ्यात शेवटचा प्रश्न

चाकणच्या एका कारखान्यातल्या तरुण अभियंत्याने विचारलं आहे: आम्ही १,००० बारचे वॉटर जेटिंग पंप बनवतो. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत आणि साखर कारखान्यांत हीट एक्स्चेंजरच्या नळ्या साफ करून देतो. आता अणुवीज केंद्राच्या स्टीम जनरेटरमधला गाळ काढण्याच्या यंत्रणेसाठी चौकशी आली आहे. बंद भांड्यात गाळ नेमका कुठे आहे हे आधी कसं कळतं? आमचा पंप लावून एका पाळीत काम का उरकणार नाही? आणि काम पूर्ण झालं हे कशावरून ठरवायचं?

तुमचा पंप उत्तम असणार, त्याबद्दल शंका नाही. पण कुरकुंभला तुम्ही नळीच्या आतली बाजू साफ करता. झाकण उघडायचं, सरळ लान्स (टोकाला नोझल असलेली उच्चदाब पाण्याची कांडी) नळीत घालायची, पुढच्या नळीकडे जायचं. इथे सगळं उलटं आहे. नळ्यांच्या आत अणुभट्टीतून आलेलं पाणी असतं, आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत जड पाणी. गाळ असतो नळ्यांच्या बाहेर, शेलच्या बाजूला, जिथे साध्या पाण्याची वाफ होते. नळ्यांचा जुडगा बाहेर ओढून काढता येत नाही. आत जायला वाट म्हणजे भांड्याच्या बुडाजवळची दोन-चार हँडहोल, नावाप्रमाणेच जेमतेम हात जाईल एवढी. नळ्या हजारोंच्या संख्येने, दोन नळ्यांतली फट साधारण पाच ते दहा मिलिमीटर आणि नळीची भिंत जेमतेम एक मिलिमीटरची. एका बाजूला किरणोत्सारी पाणी आणि दुसऱ्या बाजूला टर्बाइनकडे जाणारी वाफ, यांच्यामध्ये तेवढाच पत्रा. तुमच्या झोतासमोर काय आहे, ते आधी हे असं डोळ्यासमोर आणा.

आता गाळाबद्दल. पुण्यात टँकरचं पाणी वापरणाऱ्या सोसायटीत गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर बसतो तसलंच काहीतरी असेल, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. स्टीम जनरेटरला जाणारं पाणी डीएम, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी असतं, त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. गाळ येतो केंद्राच्या स्वतःच्याच पाइपांतून. फीडवॉटरचे (स्टीम जनरेटरला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचे) आणि ओल्या वाफेचे कार्बन स्टीलचे पाइप वाहत्या पाण्याने सतत किंचित झिजतात, आणि ते लोखंड बारीक काळ्या कणांच्या रूपात वाहत येऊन इथे थांबतं. मुख्य घटक मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं, चुंबकीय ऑक्साइड. सोबत कंडेन्सर किंवा हीटरमध्ये पितळ वा क्युप्रोनिकेलच्या नळ्या असतील तर तांबं, आणि थोडी सिलिका, जस्त वगैरे. ही पाइपांची झीज केवळ गाळापुरती नसते. ऑगस्ट २००४ मध्ये जपानच्या मिहामा केंद्रात असाच झिजून पातळ झालेला दुय्यम, म्हणजे साध्या पाण्या-वाफेच्या बाजूचा पाइप फुटला आणि पाच कामगार गेले.

किती लोखंड येत असेल? गणित स्वतः करून बघा. आपल्या २२० मेगावॉटच्या जडपाणी संचात चार स्टीम जनरेटर मिळून तासाला साधारण १,३०० टन वाफ तयार करतात. तेवढंच पाणी आत जातं. त्यात लोखंडाचं प्रमाण अब्जात १० भाग धरा. ऐकायला शून्यच वाटतं, पण तासाला १३ ग्रॅम होतात. वर्षात ८,००० तास संच चालला तर १०४ किलो लोखंड, आणि त्याचं मॅग्नेटाइट झालं की १४० किलोच्या वर. म्हणजे प्रत्येक स्टीम जनरेटरच्या वाट्याला पस्तीसेक किलो. पाण्याचं रसायन नीट सांभाळलं तर हा आकडा निम्म्याहून खाली आणता येतो. अमोनिया, मॉर्फोलिन किंवा इथेनॉलअमाइनने पीएच वर ठेवायचा, हायड्राझिनने ऑक्सिजन मारायचा. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं खूप आहे, पण तो तुमचा विषय नाही.

मग हे ब्लोडाउनमधून निघून का जात नाही? कारण ब्लोडाउन म्हणजे स्टीम जनरेटरमधून सतत बाहेर सोडलं जाणारं थोडं पाणी, वाफेच्या प्रवाहाच्या साधारण एक टक्का. विरघळलेले क्षार त्यातून बऱ्यापैकी जातात. मॅग्नेटाइटची घनता पाण्याच्या पाचपट, आणि तळाच्या ट्यूबशीटवर (नळ्यांची टोकं जिच्यात बसवलेली असतात ती जाड प्लेट) मध्यभागी पाण्याचा वेग मंदावतो तिथे कण खाली बसतात. एकदा बसले की वर पुन्हा उकळतं पाणी, रोज नवा थर, खालचा थर भाजून घट्ट. सुट्ट्या चिखलाचा ढीग आणि नळीच्या मुळाशी बसलेलं कडक कडं, हे दोन वेगळे शत्रू आहेत आणि यातला दुसरा खरा धोकादायक. त्या कड्याच्या आत पाणी झिरपतं, वाफ होऊन निघून जातं आणि पाण्यातलं सोडियम, क्लोराइड, सल्फेट मागे राहतं. बाहेर जे क्षार अब्जात किती भाग असे मोजावे लागतात, ते त्या फटीत हजारो-लाखो पटींनी दाट होतात. धातूला खड्डे पडतात, धातूच्या स्फटिक-कणांच्या सीमांवरून तडे जातात. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या सरी आणि टर्की पॉइंट केंद्रांत आधारपट्ट्यांच्या (नळ्यांना ठरावीक उंचीवर धरून ठेवणाऱ्या भोकांच्या प्लेटांच्या) भोकांत गंज इतका वाढला की त्याने नळ्याच चिमटल्या. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीच्या आसपास, त्यामुळे भोकातल्या नळीला आत चेपण्याशिवाय जागाच नव्हती. दोन्ही ठिकाणी शेवटी स्टीम जनरेटर बदलावे लागले. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर तारापूरच्या पहिल्या दोन संचांमधले दुय्यम स्टीम जनरेटर नळ्या गळू लागल्याने वापरातून काढले गेले आणि २१० मेगावॉटचे संच १६० वर आले. तिथे केवळ गाळाने झालं असं मी म्हणत नाही. स्टीम जनरेटर रुसला की संच किती खाली येतो ते दाखवायला हे उदाहरण आहे.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न, गाळ कुठे आहे, हाच माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. किती किलो काढला यावर लोक खूश होतात. मला विचाराल तर शंभर किलो सुटा चिखल काढून दोनशे नळ्यांची कडक कडी तशीच राहिली असतील, तर काम झालेलं नाही.

संच चालू असतानाच काही खुणा मिळतात. तेवढ्याच शक्तीवर वाफेचा दाब हळूहळू घसरत असेल, तर नळ्यांवर थर चढतो आहे. पाण्याची पातळी विनाकारण हिंदकळायला लागली, तर वरच्या आधारपट्ट्यांची भोकं बुजत असण्याची शक्यता तपासायची. फ्रान्सच्या क्रुआस केंद्रात २००४ ते २००६ दरम्यान नळ्या गळल्या त्या अशाच बुजलेल्या पट्ट्यांमुळे. वाट अडलेलं पाणी उरलेल्या जागेतून जोराने घुसलं आणि नळ्या थरथरून थकल्या. तिसरी खूण संच बंद करताना मिळते. शक्ती उतरली की फटींमध्ये लपलेले क्षार पाण्यात परत येतात. त्या तासांत नमुने घेऊन सोडियम-क्लोराइडचा हिशेब केला, की आत किती फटी बुजल्या आहेत याचा अंदाज येतो. आणि चौथा मार्ग म्हणजे साधा जमाखर्च. फीडवॉटरमधून आलेलं लोखंड उणे ब्लोडाउनमधून गेलेलं लोखंड म्हणजे आत राहिलेलं. ही वही नीट ठेवलेली असेल तर पुढचं अर्धं काम सोपं.

पण जागा कळते ती एडी करंटने, म्हणजे कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातू तपासण्याच्या पद्धतीने. नळीच्या आतून कॉइलचा प्रोब ओढत नेतात. नळ्या इनकोलॉय किंवा इनकोनेल या निकेलच्या मिश्रधातूंच्या, म्हणजे अचुंबकीय, त्यामुळे क्षेत्र भिंत ओलांडून बाहेर जातं. नळीतले दोष शोधायला वरच्या फ्रिक्वेन्सी लागतात. गाळासाठी मुद्दाम खाली उतरायचं, दहा-वीस किलोहर्ट्झच्या आसपास. तिथे नळीच्या भिंतीचा आवाज कमी आणि बाहेरच्या चुंबकीय मॅग्नेटाइटचा आवाज जास्त. ट्यूबशीटची वरची कड हा मोठा, ओळखू येणारा सिग्नल असतो. तिथून वर जिथपर्यंत मॅग्नेटाइटचा सिग्नल टिकतो, ती त्या नळीजवळची गाळाची उंची. प्रत्येक नळीची उंची रांग-स्तंभाच्या कागदावर भरली, की मधोमध टेकडी उभी राहते. बहुतेक वेळा ती गरम पायाच्या बाजूला, म्हणजे अणुभट्टीचं गरम पाणी नळ्यांत शिरतं तिकडे, जास्त उंच असते, कारण तिथे उकळणं जास्त. तांबं असेल तर सिग्नलची दिशा वेगळी येते. ते वेगळं ओळखणारा विश्लेषक सोबत हवा, नाहीतर तांब्याच्या थरामागे खरा तडा दडून राहतो. राजस्थानच्या पहिल्या दोन संचांत मोनेल-४०० च्या नळ्या होत्या. तो धातू स्वतःच किंचित चुंबकीय, तिथे हे सगळं आणखी अवघड.

एडी करंटची एक मर्यादा नीट लक्षात ठेवा. ते चुंबकीय लोखंड कुठे आहे ते सांगतं. ते भुसभुशीत आहे की दगड झालंय, हे सांगत नाही. त्यासाठी कॅमेरा. हँडहोलमधून बारीक व्हिडिओ प्रोब, लवचीक पट्टीच्या टोकाला बसवून, नळ्यांच्या गल्लीत सरकवायचा आणि टोकाने हलकेच खरवडून बघायचं. निघतंय का, की नुसता ओरखडा उमटून राहतो? आणि नमुना घ्यायचा. प्रयोगशाळेत लोखंड, तांबं, सिलिका यांचं प्रमाण मोजलं की पाण्याने निघेल की रसायन लागेल, हे बरंचसं ठरतं. नमुन्यात शिसं सापडलं तर काम थांबवून आधी त्याचा शोध घ्यायचा. कॅनडाच्या ब्रूस केंद्रातल्या दुसऱ्या संचात १९८६ च्या दुरुस्तीनंतर एक शिशाचं आवरण स्टीम जनरेटरमध्येच राहून गेलं. ते लक्षात यायला काही वर्षं गेली, नळ्यांचं भरून न येणारं नुकसान झालं आणि १९९५ मध्ये तो संच बंद करावा लागला.

आता झोत. दाबाबद्दल तुम्ही विचारलंय, म्हणून आकडे मांडतो. २०० बारला नोझलमधून पाणी सेकंदाला साधारण २०० मीटर वेगाने सुटतं, १,००० बारला साडेचारशेच्या आसपास. दाब पाचपट केला तर वेग सव्वादोन पट. पण गाळ उखडणं हे निम्मं काम. निम्मं काम आहे तो वाहून बाहेर नेणं, आणि त्यासाठी दाब नाही, पाण्याचं परिमाण लागतं. दीड मिलिमीटरच्या नोझलमधून २०० बारला मिनिटाला वीसेक लिटर पाणी जातं आणि मागे सुमारे सात किलोचा धक्का बसतो. म्हणून नोझल समोरासमोर जोडीने ठेवतात, दोन्ही धक्के एकमेकांना मारतात आणि लान्स जागेवर राहते. पारंपरिक लान्सिंग याच दाबाच्या आसपास केलं जातं. त्याहून वर जायचं तर नळीच्या धातूवर चाचणी करून, लेखी मंजुरी घेऊन.

दाबापेक्षा नेम महत्त्वाचा. ट्यूबशीटच्या मधोमध नळ्या नसलेली एक गल्ली असते. रुळावरून लान्स त्या गल्लीत पुढे सरकते आणि नोझल बाजूच्या फटींमध्ये काटकोनात झोत सोडतात. एक अंशाची चूक एका मीटरवर साडेसतरा मिलिमीटर होते. फट आहे पाच ते दहा मिलिमीटरची! म्हणजे अंशाच्या अपूर्णांकात नेम नसेल तर झोत फटीतून जायच्याऐवजी नळीवर आपटतो. एक मिलिमीटरच्या भिंतीवर एकाच जागी, पुन्हा पुन्हा. त्यामुळे तुमच्या यंत्रणेत पंपापेक्षा जास्त मेहनत इंडेक्सिंगवर घ्यावी लागेल: नळ्यांच्या पिचइतकंच पाऊल, जागेवर कुलूप, आणि प्रत्येक पावलाला कॅमेऱ्याने खात्री. चाकण-भोसरीत असं बारीक काम करणारे हात आहेत. त्यांना लवकर सोबत घ्या.

आणि आता ती गोष्ट जी नवखे लोक हमखास विसरतात: सक्शन. झोत हवेतून जाऊन गाळावर आदळला तर काम करतो. पाण्यात बुडालेला झोत वीतभर अंतरातच आपला जोर गमावतो. म्हणजे ट्यूबशीटवर पाणी साचू देता कामा नये. जितकं आत जातं त्याहून जास्त ओढून घ्यायची ताकद सक्शनला हवी, आणि तीही गाळ मिसळलेलं, हवा घुसलेलं पाणी. डायफ्राम पंप इथे बरे. परिघावर वेगळे हेडर लावून पाण्याचा गोल प्रवाह तयार करतात. तो उखडलेला गाळ हँडहोलकडे ढकलतो आणि तिथून ओढला जातो. सक्शन कमी पडलं तर गाळ बाहेर येत नाही, एका ढिगातून दुसऱ्या ढिगात जातो, आणि तो दुसरा ढीग नेमका अशा कोपऱ्यात जिथे झोत पोचत नाही. बाहेर निवळण टाकी, मग पिशवी फिल्टर, मग काडतूस फिल्टर, आणि गाळलेलं पाणी पुन्हा पंपाला. तुमच्या उच्चदाब पंपाच्या सील आणि नोझलचं आयुष्य या फिल्टरवरच अवलंबून आहे. मॅग्नेटाइटचे बारीक कण परत आले तर ते आतून घासत राहतात.

गल्ली नसलेल्या रचनांत किंवा आतल्या दाट भागात पट्टीसारखी लवचीक लान्स दोन नळ्यांमध्ये घालतात. अमेरिकेत १९८० च्या दशकात इंडियन पॉइंट केंद्राच्या कामासाठी 'सेसिल' नावाचा रोबोट यासाठीच विकसित झाला, तपासणी आणि झोत एकाच यंत्रात. वरच्या आधारपट्ट्यांसाठी वरून पाणी सोडून धुणं किंवा पाणी भरून नायट्रोजनच्या दाबाचे धक्के देणं अशा पद्धती आहेत. कुडनकुलमचे स्टीम जनरेटर आडवे आहेत, तिथे तळाला ट्यूबशीट नाहीच, म्हणून यातलं बरंच तसंच्या तसं लागू होत नाही. तुमची चौकशी कुठल्या रचनेसाठी आहे ते आधी विचारा.

पूर्ण झालं हे कसं ठरवायचं? वजनावर नाही, आणि वजन धरायचंच तर वाळवून. ओला गाळ तोलून मोठा आकडा लिहिणारे मी पाहिले आहेत. प्रत्येक फेरीनंतर फिल्टरमध्ये आलेला गाळ वाळवून नोंदवा. दोन-तीन फेऱ्यांत तो जवळपास थांबला, की झोताने निघणारं संपलं. मग कॅमेरा, आणि तोही सोयीच्या गल्ल्यांत नाही. एडी करंटच्या नकाशावर टेकडी जिथे सर्वांत उंच होती, त्याच नळ्यांच्या मुळाशी बघायचं. तिथे कडी दिसली तर दाब वाढवायचा मोह आवरा. कडक कडी हा रसायनाचा प्रश्न आहे. लोखंडासाठी ईडीटीए (धातूला बांधून विरघळवणारं रसायन) आणि हायड्राझिनचं द्रावण, तांब्यासाठी वेगळा टप्पा. तो निर्णय केंद्राच्या रसायन विभागाचा.

हँडहोल बंद करण्याआधी शेवटचा कॅमेरा फेरा परक्या वस्तूंसाठी. अमेरिकेतल्या प्रेअरी आयलंड केंद्रात ऑक्टोबर १९७९ मध्ये एक नळी फुटली. तिला घासून घासून फोडणारी वस्तू म्हणजे एक स्प्रिंग, आणि ती आली होती गाळ काढायच्या उपकरणातून! जानेवारी १९८२ मध्ये गिना केंद्रात आधीच्या कामात आत राहिलेल्या धातूच्या तुकड्याने तेच केलं. त्यामुळे तुमच्या लान्सवर सुटा होऊ शकणारा एकही भाग नको. स्प्रिंग, सर्क्लिप, ग्रब स्क्रू टाळा. स्क्रू लागलाच तर त्याला तार बांधा. आत जाणारी प्रत्येक वस्तू दोरीला, आणि नोंदवहीत जाताना-येताना मोजून. होज फाटला तर त्याचे तुकडेही मोजायचे.

भोसरीत किंवा तुमच्याच आवारात स्टीम जनरेटरच्या निदान पाव भागाचा, पण खऱ्या मापाचा नमुना बांधा, शेल अॅक्रिलिकचं, म्हणजे पाणी कुठे साचतं ते दिसेल. मॅग्नेटाइटची पूड बाजारात मिळते, कोळसा धुण्याच्या उद्योगात ती वापरतात. काही भागात ती सुटी टाका, काही भागात थोडं सिमेंट मिसळून घट्ट करा. माणसांचा सरावही तिथेच. हँडहोलजवळ किरणोत्साराचा डोस मिळतो आणि जडपाणी संचांत हवेत ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) असू शकतं, त्यामुळे प्रत्यक्ष जागी विचार करत उभं राहायला वेळ नसतो. लान्स बसवणं, काढणं, अडकली तर सोडवणं हे पुण्यातच डोळे मिटून जमलं पाहिजे.

चौकशीला उत्तर देताना दर टाकण्याआधी मागवा: स्टीम जनरेटरचं हँडहोल आणि मधल्या गल्लीच्या मापांसह रेखाचित्र, मागच्या शटडाउनचा एडी करंटचा गाळ-नकाशा, गाळाच्या नमुन्याचा अहवाल, आणि नळीवर किती दाबाचा झोत चालेल याची लेखी मर्यादा. शिवाय बाहेर येणारा गाळ आणि पाणी तपासणी होईपर्यंत किरणोत्सारी धरून कोण ताब्यात घेणार, हेही लिहून घ्या. हा कचरा ट्रकमध्ये घालून चाकणला आणता येणार नाही, आणि टाकी, फिल्टर, होज यांपैकी काय परत मिळेल आणि काय तिथेच सोडावं लागेल त्यावर तुमचा दर ठरतो.